मैंदर्गीच्या अंगणातला तेलाचा डाग

"या जगात गळती नावाची गोष्टच नसते. असतो तो फक्त माणसाचा आळस!"

हे वाक्य सिदूतात्यांनी उताणं झोपून उच्चारलं. एवढं मोठं विधान माणूस सहसा उभ्यानं करतो, गेला बाजार बसून तरी करतो. पण तात्या त्या वेळी आपल्या गाडीखाली होते आणि बाहेर त्यांचे फक्त दोन पाय दिसत होते. विधान त्या पायांनीच केलं असं समजून त्यांच्या पत्नी मायाक्का पायांकडे बघत उभ्या होत्या. 'आळस' हा शब्द पुरा होतो न होतो तोच इंजिनाच्या पोटातून एक काळा थेंब सुटला आणि तात्यांच्या कपाळाच्या बरोबर मध्यावर, सकाळच्या भंडाऱ्याच्या टिळ्यावर येऊन बसला.

"काय झालं?" मायाक्कांनी पायांना विचारलं.

"काय न्हाई," आतून आवाज आला. "आळस पडला."

सोलापूरच्या एका चादरीच्या कारखान्यात, रंगखात्याच्या बॉयलरवर सिदूतात्यांनी एकतीस वर्षं काढली. पुढे कारखाना बंद झाला, बॉयलर भंगारात गेला आणि तात्या घरी आले. तिघांपैकी तात्याच तेवढे अजून तापत. बॉयलरवाल्या माणसाला एक खोड लागते. कुठं वाफेचा बारीक जरी धागा वर जाताना दिसला तरी त्याच्या जिवाची तगमग होते. आपल्याला ती वाफ दिसते, त्याला जळालेलं सरपण दिसतं. तात्या असा धागा दिसला की सुताची दोरी ग्रीसमध्ये भिजवायचे, फटीत ठासून भरायचे आणि वरून तांब्याची तार बांधायचे. तारेचे वेढे तीन. पीळ शेवटी, उजवीकडे. कारखान्यातून निवृत्त होताना लोकांना शाल-श्रीफळ मिळतं. तात्यांनी ते घेतलंच, वर अर्धा किलो तांब्याची तार मागून घेतली. तेव्हापासून घरातल्या ज्या ज्या वस्तूनं हलण्याचा, निखळण्याचा किंवा वाकण्याचा विचार केला, तिला तीन वेढे बसले. पळीच्या दांड्याला, दिंडी दरवाजाच्या कडीला, कपडे वाळत घालायच्या दोरीला. तात्यांच्या चष्म्याची डावी काडी बिजागरीपाशी मोडली होती, तिथंही तीन वेढे आणि उजवीकडे पीळ.

गाडीची गोष्ट मात्र तारेएवढी साधी नव्हती.

मायाक्कांचं माहेर मैंदर्गीचं, म्हणजे अक्कलकोटच्याही पलीकडं, कानडीच्या उंबऱ्यावर. एकतीस वर्षं त्या माहेरी एकट्या गेल्या. बॉयलरला सुट्टी नसते, असं तात्या सांगत, आणि ते खरंही होतं. भावाच्या लग्नाला, बापाच्या दहाव्याला, भावजयीच्या डोहाळजेवणाला त्या मांडीवर पिशवी घेऊन एस्टीनं गेल्या आणि एस्टीनं आल्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि ज्या बायका तक्रार करत नाहीत त्यांच्या नवऱ्यांना म्हातारपणी झोप कमी लागते. म्हणून निवृत्तीच्या पैशांतून तात्यांनी एक गाडी घेतली. पांढरी, लहान, पेट्रोलची, बावीस वर्षांची. आधीचा मालक विजापूर रोडचा एक होमिओपॅथीचा डॉक्टर. किल्ली देताना तो म्हणाला होता, "हिला फार औषधं देऊ नका, काका. जशी आहे तशी चालू द्या."

तात्यांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यात चार सुधारणा केल्या. सीटांवर चादर घातली. आरशाला लिंबू-मिरची बांधली. वायपर सैल होता, त्याला तार. आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला कुठली तरी एक नळी सुटून उघडीच लोंबत होती, ती बंद केली. मग मायाक्कांना शेजारी बसवून, दिवाळीत, आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोला माहेरी घेऊन गेले.

तिथं दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी की वळसंग मागं पडेपर्यंत गाडीत जळकट वास भरला. मायाक्कांचं नाक म्हणजे सरकारी प्रयोगशाळा. शेजारच्या घरात फोडणीला मोहरी आधी पडली की जिरं, हे त्या आपल्या ओट्यावरून सांगतात. त्या मैंदर्गीपर्यंत नाकाला पदर लावून बसल्या.

दुसरी गोष्ट मेहुण्याच्या अंगणात घडली. मायाक्कांचे धाकटे भाऊ शंकरप्पा यांनी नुकतंच अंगणात पांढरं फरशीकाम करून घेतलं होतं. तात्यांनी गाडी अभिमानानं मधोमध उभी केली. जेवणं होऊन गाडी हलवली तेव्हा खाली पुरीएवढा काळा डाग. शंकरप्पा आत गेले, रांगोळीचा डबा आणला, डागाभोवती सुबक वर्तुळ काढलं आणि बाजूला तारीख घातली. पुढे डाग घासून निघेना, तेव्हा रांगोळी पुसली की ते पुन्हा काढू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत म्हणायचे, "हे आमच्या दाजींचं. सोलापुरास्नं खास आणलंय."

परत निघताना मायाक्का म्हणाल्या, "मला मळमळतंय. तुमी गाडीनं या, मी एस्टीनं येते."

आणि त्या खरंच एस्टीत बसल्या. तात्या मैंदर्गीपासून सोलापूरपर्यंत त्या एस्टीच्या मागं मागं गाडी चालवत आले. मागच्या काचेतून मायाक्कांचा अंबाडा दिसत होता. दोन-तीन ठिकाणी पुढं जायला रस्ता मोकळा होता, पण तात्या गेले नाहीत. आपण नेमकं कशासाठी गाडी घेतली होती, याचा विचार करायला त्यांना पन्नास किलोमीटर मिळाले.

आता शंकरप्पांना नात झाली होती. पुढच्या रविवारी बारसं. बाळाच्या बापाला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळं बाळाला आत्या नाही. मग बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बापाच्या आत्याकडं, म्हणजे मायाक्कांकडं आला. मुहूर्त अकराचा.

"गाडीत वास आला," मायाक्कांनी सांगून टाकलं, "तर मी सातच्या एस्टीनं जाणार. तुमी मागनं या, न्हाईतर येऊ नका."

हातात नऊ दिवस होते. म्हणून तात्या गाडीखाली होते.

कपाळ पुसून ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुतूहल होतं. गळती ही बॉयलरवाल्याच्या दृष्टीनं चोर असते, आणि चोराच्या बाबतीत पहिला प्रश्न 'किती नेलं' हा नसून 'आला कुठनं' हा असतो. तेल खाली पडत होतं, पण निघत कुठून होतं? तात्यांनी इंजिन रॉकेल लावून लखलखीत पुसलं आणि मग घरातून मायाक्कांच्या पावडरचा डबा आणून सगळ्या इंजिनावर पावडर शिंपडली. तेल जिथून निघेल तिथं पावडर काळी पडणार, असा हिशेब.

मायाक्का दारात येऊन बघत राहिल्या. "अवो, पावडर लावताय? कुणी बघायला येणार हाय काय तिला?"

"शास्त्र हाय ते," तात्या म्हणाले.

"माझ्या लग्नात एवढी लावली नव्हती मला."

गाडी कुमठा नाक्यापर्यंत नेऊन आणली. बॉनेट उघडलं तर शास्त्रानं उत्तर दिलेलं होतं. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं एक लांबट झाकण असतं. त्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात. ते झाकण आणि इंजिन यांच्या मध्ये रबराची किंवा बुचाची एक चौकट असते, ते त्याचं पॅकिंग. त्याच्या मागच्या कडेनं एक काळी रेघ उतरून थेट सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर गेली होती. तेल तिथं जळायचं, म्हणून वास. उरलेलं खाली पडायचं, म्हणून शंकरप्पांची रांगोळी. एका चोराचे दोन गुन्हे.

"सापडला!" तात्या ओरडले.

"सापडला तर पावडरीचा डबा आत ठेवा," मायाक्का म्हणाल्या. "आणि बाजारात जाणारच हाय तर कुकरची रिंग आणा की. सा महिनं झालं सांगतीया. शिट्टी व्हायच्या आधी कडंनंच वाफ जाती."

"मोठं काम चालू असताना बारक्या गोष्टी काढू नये," तात्या म्हणाले आणि पॅकिंग आणायला गेले. रिंगेचं दुकान पॅकिंगच्या दुकानाला लागूनच होतं, पण माणसाचं मन मोठ्या कामात असलं की त्याला लागूनची दुकानं दिसत नाहीत.

नवं बुचाचं पॅकिंग त्यांनी घरीच बसवलं. बोल्ट आवळताना पान्याच्या दांड्यात नळाचा हातभर पाइप घातला आणि बॉयलरच्या झाकणाला आवळतात तसं आवळलं. दुसऱ्या दिवशी तेल पहिल्यापेक्षा जास्त आलं. तात्यांनी ते पॅकिंग काढून लाल सिलिकॉनची आख्खी ट्यूब पिळली. झाकण वाढदिवसाच्या केकसारखं दिसू लागलं. दोन दिवसांनी त्या केकच्याही कडेनं तेल आलं. तिसऱ्या खेपेला मायाक्कांनी एस्टीचं वेळापत्रक शेजारणीकडून लिहून आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी टाचलं. मग मात्र तात्या अक्कलकोट रोडच्या 'जोतीराम गॅरेज'मध्ये गेले.

पाटी जोतीरामची असली तरी तो कंबर धरल्यापासून गावाकडं शेती बघत होता. गॅरेज त्याची मुलगी रेश्मा चालवायची. आयटीआय झालेली, कमी बोलणारी, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता इंजिनाकडं बघणारी. तिनं झाकण उघडलं, लाल सिलिकॉन नखानं सोललं आणि झाकण एका जाड काचेवर पालथं ठेवलं. झाकण काचेवर डुगडुगलं.

"तात्या, हे आवळलं कुणी?"

"मीच की."

"कितीनं?"

"जेवढा जीव हाय तेवढ्यानं."

"जीव राखून ठिवा म्हातारपणाला," रेश्मा म्हणाली. "बोल्टाच्या भोकापाशी पत्रा खाली वाकलाय बघा. बोल्टापाशी दाबलं की दोन बोल्टांच्या मधी उचलतंय. तिथनं तेल येणार न्हाई तर काय येणार? पॅकिंग दाबायचं असतंय तात्या, चिरडायचं न्हाई."

तात्यांना हे नवीन होतं. त्यांना राग यायला हवा होता, पण कुतूहल आडवं आलं. ते स्टूल ओढून जवळच बसले. रेश्मानं लाकडी ठोकळ्यावर ठेवून झाकणाची कड हलक्या हातोडीनं सरळ केली, पुन्हा पुन्हा काचेवर ठेवून बघितली. इंजिनाची बसणारी जागा फडक्यानं अशी पुसली की तात्यांना तिथं जेवावंसं वाटलं. नवं रबरी पॅकिंग बसवलं, चार कोपऱ्यांत सिलिकॉनचा हरभऱ्याएवढाच ठिपका दिला. इंजिनावरची जाडसर काळी नळी तिनं झाकण काढताना सोडवली होती, ती परत झाकणाच्या तोटीला लावली. मग बोल्ट. मधले आधी, कडेचे नंतर, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा.

"हातानं टेकंपर्यंत. मग पान्यानं पाव आटा फिरवायचा. बास."

"पावच?" तात्यांना ते अपुरं वाटलं.

"पावच."

"पोरी, एकतीस वर्षं मी—"

"बॉयलर येगळा, तात्या."

हे बुधवारी झालं. गुरुवारी तात्यांनी गाडीखाली आपला जुना पांढरा बनियन अंथरला. तो दिवसभर पांढराच राहिला. संध्याकाळी ते बनियन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि निकालपत्र दाखवावं तसा मायाक्कांपुढं धरला. मायाक्कांनी त्याचा वास घेतला, मान हलवली आणि वेळापत्रकाची एक टाचणी काढली. दुसरी राहू दिली.

शुक्रवारी संध्याकाळी बनियनवर रुपयाएवढा डाग होता.

तात्यांनी तो घडी करून खिशात घातला. घरात कुणाला सांगितलं नाही. पण आत गेले तर देव्हाऱ्याशेजारी दुसऱ्या टाचणीच्या जोडीला पहिली परत लागलेली होती. मायाक्कांना डाग दिसला नव्हता. दिसायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी ते गॅरेजमध्ये हजर झाले. मायाक्कांनी डबा दिला होता, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यांनी तो न बोलता दिला होता, आणि न बोलता दिलेला डबा जड लागतो.

रेश्मानं बनियन बघितला आणि पहिल्यांदाच तात्यांकडं बघितलं. "माझं काम गळत न्हाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती, ती चक्रावली होती. तिनं बॉनेट उघडलं. पॅकिंग जागेवर, बोल्ट जागेवर. मागच्या कडेला मात्र रबर किंचित बाहेर ढकललं गेलेलं. "आतनं कुणीतरी रेटल्यागत," ती पुटपुटली.

तात्या स्टुलावर बसून विचार करत होते. उद्या सातची एस्टी. मागच्या काचेतला अंबाडा. पन्नास किलोमीटर. आणि अशा वेळी माणसाला जे सुचतं ते बहुधा त्याच्या जुन्या धंद्यातलं असतं.

"पोरी, एक सांगू का? बॉयलरचंच हाय."

"सांगा."

"आमच्याकडं एकच पॅकिंग पुन्हा पुन्हा उडाय लागलं ना, की आमी पॅकिंगला कवा इचारायचो न्हाई. दाबाला इचारायचो. म्हणायचो, बाबा, तू एवढा का वाढलायस?"

रेश्माचा हात थांबला. "आणि जादा दाब सोडायला तुमच्यात काय असतंय?"

"सेफ्टी वॉल!" तात्या सरसावून बसले. आता ते आपल्या राज्यात आले होते. "देव असतोय तो बॉयलरचा. त्याच्यातनं वाफ गेली तर जाऊ द्यायची. एकदा आमच्यात एक नवा गडी आला, गुंडा नावाचा. त्यानं बघितलं, वॉलमधनं वाफ चाललीया. त्याला वाटलं गळतंय. ह्यानं वर वजन बांधाय घेतलं की गं! मी वेळंवर पोचलो म्हणून. असा झापला त्याला! म्हणलं, गाढवा, ज्यानं श्वास घ्यायचा त्याचंच नाक दाबतोस? सगळं खातं जमवून तासभर झापला. आजबी दिसला की वळख दावत न्हाई."

"इंजिनालाबी असतंय तसं," रेश्मा सावकाश म्हणाली. "ब्रीदर. तात्या, कागद हाय काय एखादा?"

कागद नव्हता. जे होते ते सगळे तेलकट. रेश्माची नजर डब्यावर गेली.

"भाकरी कडक हाय?"

"सोलापूरची हाय," तात्या दुखावल्यासारखे म्हणाले.

रेश्मानं गाडी चालू केली. झाकणावर तेल ओतायचं तोंड असतं, त्याचं बूच फिरवून काढलं आणि त्या तोंडावर अख्खी कडक भाकरी ठेवली. "चांगलं इंजिन असलं तर भाकरी गप बसती. जरा खाली ओढल्यागतबी करती," ती म्हणाली.

भाकरी गप बसली नाही. आधी थरथरली. मग तिनं एक कड उचलली. आणि मग ती टुणटुण उड्या मारत झाकणावरून निघाली आणि बॅटरीवर जाऊन आपटली. तात्यांनी आयुष्यात पुष्कळ भाकरी खाल्ल्या होत्या, पण चालताना पहिल्यांदाच बघितली.

"परत ठिव," ते कुजबुजले. त्यांचे डोळे चष्म्याआड गोल झाले होते. रेश्मानं परत ठेवली. भाकरी परत निघाली. पाच वेळा ठेवली, पाच वेळा गेली. शेजारचा टायरवालाही बघायला आला आणि सहाव्यांदा त्यानं ठेवली.

"आत दाब साठलाय," रेश्मा म्हणाली. "ब्रीदरची नळी कुटंतरी बंद झालीया. बुधवारी मी ती झाकणाला लावली, पण मागं फिल्टरला जाती म्हणून पुढं बघितलंच न्हाई. चुकलं माझं." तिनं गाडी बंद केली, हात आत घातला आणि ती जाडसर काळी नळी चाचपत चाचपत मागं गेली. हवेच्या फिल्टरपाशी नळी जायला हवी होती. ती तिथं गेलीच नव्हती. फिल्टरमागं लपून ती एका काळ्या टेपच्या गाठोड्यात संपत होती.

रेश्मानं टेप सोलली. आत ग्रीसमध्ये भिजवलेल्या सुती दोरीचा घट्ट बोळा होता. वर तांब्याची तार. वेढे तीन. पीळ उजवीकडे.

टायरवाल्याला काही समजलं नाही, त्यामुळं तो लवकर कंटाळून गेला.

तात्यांना तो दिवस आठवला. पहिला आठवडा, चौथी सुधारणा. नळीतून वाफेचा एक बारीक धागा वर जात होता आणि त्यांच्या जिवाची तगमग झाली होती. किती मनापासून ठासला होता तो बोळा! प्रामाणिक कामगार अशी बारकी कामं लक्षात ठेवत नाही, हीच तर अडचण होती.

"कुणी केलं असंल हे?" रेश्मानं विचारलं. ती बोळ्याकडं बघत होती. मग तिची नजर हळूच वर आली, तात्यांच्या चष्म्याच्या डाव्या काडीवर थांबली, आणि परत बोळ्याकडं गेली.

"कुणातरी अडाण्याचं काम दिसतंय," तात्या घसा साफ करून म्हणाले.

"अडाणी असंल," रेश्मा म्हणाली, "पण बांधणी पक्की हाय हं. मला पक्कड लागली."

तिनं नळी साफ करून फिल्टरला जोडली, पॅकिंग परत नीट बसवलं, बोल्ट पाव आटा. गाडी चालू करून भाकरी ठेवली. भाकरी शहाण्या सुनेसारखी बसून राहिली. तिला उचलायला किंचित ओढावं लागलं. मग दोघांनी तिचा तेलाकडचा भाग मोडून टाकला आणि उरलेली शेंगाचटणीबरोबर खाल्ली. बोळा तात्यांनी खिशात घातला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुरावा नष्ट करायचा तर तो जवळ असावा लागतो, एवढंच.

रविवारी सकाळी साडेसातला मायाक्का गाडीशेजारी उभ्या राहिल्या. सातची एस्टी त्यांनी जाऊ दिली होती, पण नऊची हाताशी होती. त्यांनी दार उघडलं, मान आत घातली आणि श्वास घेतला. तात्या स्टिअरिंग धरून बसले होते. बॉयलरच्या इन्स्पेक्टरपुढंही ते कधी असे अवघडून बसले नव्हते.

"चालू करा."

चालू केली. पाच मिनिटं गेली. मायाक्कांनी पुन्हा श्वास घेतला.

"चादर धुवायला झालीया," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

वळसंग गेलं, अक्कलकोट गेलं, पदर नाकाला लागला नाही. वाटेत एक एस्टी पुढं होती. तात्यांनी हॉर्न दिला आणि तिला मागं टाकली. मायाक्कांनी खिडकीतून एस्टीतल्या बायकांकडं बघितलं. मग पिशवी मांडीवरून काढून मागच्या सीटवर ठेवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मैंदर्गीत शंकरप्पा अंगणात उभेच होते. एका हातात रांगोळीचा डबा होता आणि दुसऱ्या हातात मुलाच्या लग्नातला जुना फ्लेक्स, पाठीमागची पांढरी बाजू वर करून.

"बर्री दाजी, बर्री! अक्का, ये! गाडी ह्याच्यावर लावा. डाग पडला तर फ्लेक्स भिंतीला टांगता येतोय."

गाडी फ्लेक्सवर उभी राहिली. अकरा वाजता मायाक्कांनी बाळाच्या कानात 'सुकन्या' असं सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. जेवणं झाली. मग सगळे पाहुणे अंगणात जमले, आणि बारशाला आलेल्या वीस-पंचवीस माणसांनी ओणवं होऊन एका जुन्या गाडीच्या पोटाखाली बघितलं. पाळण्यातल्या बाळाला एवढे लोक वाकून बघायला आले नव्हते.

फ्लेक्स कोरा होता.

शंकरप्पांनी बोट फिरवून बघितलं. मग रांगोळीचा डबा खाली ठेवला. "अय्यो! दाजी, काय केलंत? काय बिघडलं हुतं?"

तात्या याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी उपरणं सारखं केलं. "शंकरप्पा, नीट ऐका. तेल गळतंय म्हणून लोक पॅकिंग बदलत्यात. बदलत्यात, आवळत्यात, परत बदलत्यात. पण दुखणं कडंला नसतंय, पोटात असतंय. आत दाब कोंडला की तो कुटनं तरी वाट काढणारच. इंजिन असो, माणूस असो, राज्य असो! ज्याला त्याला श्वास घ्यायला एक नळी मोकळी लागतीया. आन् ती नळी—" त्यांनी खिशातून बोळा काढून हवेत धरला, "—ती नळी अशी ठासून बंद केलेली हुती!"

"कुणी?" पंचवीस माणसांनी विचारलं.

तात्यांनी समोर नजर फिरवली. पंचवीस माणसं होती. मेहुणा होता. रांगोळीचा डबा होता.

"आधीचा मालक," ते म्हणाले. "डॉक्टर."

"डॉक्टर असून?" शंकरप्पांनी कपाळाला हात लावला. "श्वास बंद करतोय व्हय? कसला डॉक्टर म्हणायचा हो हा? पेशंट तरी जगत्यात का त्याचे?" बोळा हातोहात फिरला. प्रत्येकानं तो दाबून बघितला आणि डॉक्टरबद्दल एकेक वाक्य बोलला. फिरत फिरत तो मायाक्कांच्या हातात आला. त्यांनी तो तळहातावर ठेवला. तार बघितली. वेढे बघितले. अंगठ्यानं पीळ कुठल्या बाजूला आहे ते चाचपलं. मग वर मान करून नवऱ्याच्या चष्म्याकडं बघितलं, सावकाश, काडी नीट बसलीय ना याची खात्री करावी तसं. आणि बोळा पिशवीत टाकला.

"काय अक्का, कसला माणूस असंल हा?" शंकरप्पांनी विचारलं.

"मनानं चांगला असंल," मायाक्का म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर ऊन कलतीला लागलं होतं. खिडक्या उघड्या होत्या, वारा येत होता आणि वास कसलाही नव्हता. अक्कलकोट मागं पडेपर्यंत दोनदा तात्यांनी बोलायला तोंड उघडलं, दोनदा गिअर बदलला. शेवटी मायाक्काच म्हणाल्या,

"अवो, त्यो डॉक्टर तुमाला परत कवा भेटंल काय?"

"का गं?" तात्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"न्हाई, भेटला तर निरोप द्या. म्हणावं, सा महिनं झालं, उद्या तरी येताना कुकरची रिंग आणा."